किनाऱ्यावरचे खार सोसणारे जिवाणू आपल्या वावरात किती कामाचे?

गेल्या काही हंगामांपासून कृषी सेवा केंद्रांच्या फळीवर एक नवा प्रकार दिसू लागला आहे. लेबलवर समुद्राची लाट, त्याखाली 'समुद्री जिवाणू', 'क्षार सहनशील', 'हॅलो' असे शब्द आणि मागच्या बाजूला सोयाबीनपासून संत्र्यापर्यंत पिकांची लांबलचक यादी. कारंजा (घाडगे) तालुक्यातले संत्रा बागायतदार मृग बहाराच्या तोंडावर आणि सोयाबीनवाले पेरणीच्या आठवड्यात विचारतात, "हे टाकू का?" एका शब्दात उत्तर देता येत नाही. या बाटल्यांच्या मागचे संशोधन खरे आहे आणि चांगले आहे. पण ते ज्या जमिनीसाठी झाले ती जमीन आपली नाही, आणि ही दुसरी गोष्ट लेबलवर लिहिलेली नसते.

एक खुलासा आधीच करतो. 'समुद्री' लिहिलेल्या बऱ्याच बाटल्यांत जिवाणू नसतातच, समुद्री शेवाळाचा अर्क असतो. त्यातली संजीवके आणि पोटॅश यांचा परिणाम वेगळा, वापरण्याची पद्धतही वेगळी. बाटली हातात घेतल्यावर पहिले पाहायचे ते हेच, की आत जिवंत काही आहे की नाही. जिवंत असेल तर जिवाणूचे शास्त्रीय नाव आणि प्रति मिली किंवा प्रति ग्रॅम संख्या छापलेली असली पाहिजे.

नियमांचे काय झाले

जिवाणू खते २००६ मध्ये खत नियंत्रण आदेशाच्या कक्षेत आली. रायझोबियम, ॲझोटोबॅक्टर, ॲझोस्पिरिलम, स्फुरद विरघळविणारे जिवाणू यांच्यासाठी भुकटीत प्रति ग्रॅम किमान ५ कोटी आणि द्रवरूपात प्रति मिली किमान १० कोटी जिवंत पेशी असे मानक ठरले. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्याच आदेशात जैव उत्तेजकांचा, म्हणजे बायोस्टिम्युलंटचा, वेगळा भाग घालण्यात आला. त्यात समुद्री शेवाळाचे अर्क, ह्युमिक व फुल्विक आम्ल, अमिनो आम्ले यांच्याबरोबर जिवाणू खत किंवा जैविक कीडनाशक या वर्गात न बसणारे जिवंत सूक्ष्मजीवही आले. मधली काही वर्षे तात्पुरत्या परवान्यावर विक्री चालू राहिली. मुदतवाढी मिळत गेल्या आणि शेवटी १६ जून २०२५ रोजी ती सवलत संपली. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी सांगितलेले आकडे बोलके आहेत. सुमारे ३० हजार जैव उत्तेजके वर्षानुवर्षे कुठल्याही तपासणीविना विकली जात होती, नंतर ८ हजारांच्या आसपास उरली आणि नियम कडक केल्यावर ती साधारण ६५० वर आली.

ही चाळणी लागली हे बरे झाले. पण चाळणी काय तपासते हेही समजून घ्यायला हवे. जिवाणू खताच्या मानकात पेशींची संख्या, भेसळ, सामू आणि मूळ काम तपासले जाते. ॲझोटोबॅक्टर असेल तर नत्र किती बांधतो, पीएसबी असेल तर स्फुरद किती विरघळवतो. तो किती मिठात तग धरतो, ही कसोटी त्यात नाही. म्हणून 'क्षार सहनशील' हा शब्द लेबलवर असला तरी प्रयोगशाळेच्या शासकीय अहवालात त्याची खातरजमा झालेली असेलच असे नाही. जैव उत्तेजकांच्या बाबतीत स्थिती थोडी बरी आहे. त्यांच्या नोंदणीसाठी शेतावरच्या चाचण्यांची माहिती द्यावी लागते, आणि अधिसूचनेत उत्पादन कोणत्या पिकावर व किती मात्रेत वापरायचे ते नोंदवलेले असते. भुईमुगासाठी नोंदवलेले उत्पादन संत्र्यावर खपवले जात असेल, तर त्याला आधार नाही असे समजावे.

किनाऱ्यावरच का शोधतात

समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम मीठ असते आणि त्याची विद्युत वाहकता मीटरला ५० डेसिसायमनच्या आसपास जाते. खाडीकाठच्या चिखलात भरती-ओहोटीने रोज मीठ वाढते-घटते, पाणी साचले की प्राणवायू संपतो, उन्हात वरचा थर भाजतो. अशा ठिकाणी कांदळवन आणि खारी गवते तग धरून असतात, त्याला त्यांच्या मुळांवरच्या जिवाणूंचाही हातभार असतो.

या जिवाणूंच्या युक्त्या साधारण तीन प्रकारच्या. पहिली, पेशीत एक्टोइन, ग्लायसिन बीटेन, प्रोलीन अशी द्रव्ये साठवायची. ती पेशीतले पाणी बाहेर ओढले जाऊ देत नाहीत. दुसरी, पेशीभोवती चिकट साखरेचे आवरण तयार करायचे. हे आवरण सोडियम अडवते आणि मातीचे कण एकत्र धरते. तिसरी युक्ती पिकाच्या दृष्टीने सर्वांत मोलाची. ताण पडला की झाडाच्या मुळात इथिलीन वायू वाढतो आणि मुळांची वाढ थांबते. काही जिवाणूंकडे एक विकर असते, जे इथिलीन तयार होण्याआधीचा कच्चा माल, म्हणजे एसीसी, फोडून टाकते. जिवाणूला त्यातून नत्र मिळते आणि मुळाची वाढ चालू राहते.

आपल्या देशात यावर चांगले काम झाले आहे. भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने गुजरातच्या किनाऱ्यावरील सॅलिकॉर्निया या मांसल खाऱ्या वनस्पतीच्या मुळांवरून नत्र बांधणारे जिवाणू वेगळे केले. त्यातला एक तर विज्ञानाला नवीन होता, त्याचे नाव सौराष्ट्रावरून ब्रॅकीबॅक्टेरियम सौराष्ट्रेन्स असे ठेवले गेले. २०१२ मध्ये याच जिवाणूंची भुईमुगाच्या रोपांवर खाऱ्या पाण्यात चाचणी झाली, आणि जिवाणू लावलेली रोपे न लावलेल्यांपेक्षा चांगली वाढली. त्याआधी २००४ मध्ये तमिळनाडूतील पिचावरमच्या कांदळवनाजवळ वाढणाऱ्या खाऱ्या जंगली भातावर चेन्नईच्या स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठानच्या शास्त्रज्ञांना नत्र बांधणारा आणि स्फुरदही विरघळवणारा जिवाणू सापडला. डॉ. एम. एस. स्वामिनाथन यांच्या नावावरून तो स्वामिनाथानिया सॅलिटॉलरन्स झाला. गोव्यात जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने खाजन जमिनींसाठी कोरगुट या स्थानिक भातातून निवडलेली गोवा धान ही वाणे दिली आणि खार सोसणाऱ्या बॅसिलस जिवाणूची भुकटी 'गोवा बायो-१' या नावाने तयार केली. वाण आणि जिवाणू दोन्ही त्याच मातीतले, त्याच मातीसाठी. मला हे काम यासाठीच आवडते.

शेतीबाहेरही या जिवाणूंना मोठी किंमत आहे. कॅरिबियन समुद्रातल्या बोनेर बेटावरील मिठागरात सापडलेल्या हॅलोमोनास इलाँगाटा या जिवाणूपासून जर्मनीत एक्टोइन काढले जाते आणि ते त्वचेच्या मलमांत वापरले जाते. पद्धत मजेशीर आहे. जिवाणूला आधी खाऱ्या पाण्यात वाढवायचे, मग अचानक कमी खाऱ्या पाण्यात टाकायचे, की तो साठवलेले एक्टोइन बाहेर सोडतो. मग पुन्हा खारे पाणी. शास्त्रज्ञ याला जिवाणूचे 'दूध काढणे' म्हणतात. साबणातली विकरे, नवी प्रतिजैविके, जैविक प्लास्टिक यांचा शोधही अशाच ठिकाणी चालू आहे. या संपत्तीवर किनाऱ्यावरच्या गावांचा हक्क आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यात लाभाच्या वाटपाची तरतूद आहे, आणि महाराष्ट्राच्या जैवविविधता मंडळाचे कार्यालय तर आपल्या नागपुरातच आहे.

यात एक धोक्याची बाजूही आहे. सॅलिकॉर्नियाच्या मुळांवर सापडलेल्या जिवाणूंच्या यादीत क्रोनोबॅक्टर साकाझाकी हेही नाव होते. हा तान्ह्या बाळांत गंभीर आजार करू शकणारा जिवाणू आहे. म्हणजे खाऱ्या चिखलात जे जगते ते सगळे शेतात सोडण्यालायक नसते. निवड आणि सुरक्षिततेची तपासणी झाल्याशिवाय ते बाटलीत येऊ नये. काही शेतकरी विकतची बाटली ड्रममध्ये गूळ-बेसन घालून 'वाढवतात'. त्या ड्रममध्ये मूळ जिवाणू वाढतो की हवेतून पडलेला दुसराच, हे सूक्ष्मदर्शक आणि पेट्रीडिशशिवाय कळायला मार्ग नाही. खार सोसणाऱ्या जिवाणूला मिठाशिवायच्या गुळाच्या पाण्यात काही विशेष फायदा नसतो, उलट तिथले साधे जिवाणू त्याला मागे टाकतात.

आपल्याकडे खार आहे का, आणि कसला

करनालच्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेच्या आकडेवारीप्रमाणे देशात ६७ लाख हेक्टरहून अधिक जमीन क्षारबाधित आहे आणि महाराष्ट्रात सुमारे ६.०७ लाख हेक्टर. आता त्यातले भाग पाहा. सुमारे ४.२३ लाख हेक्टर चोपण, सुमारे १.७७ लाख हेक्टर क्षारयुक्त आणि किनाऱ्यावरची क्षारयुक्त जमीन ७ हजार हेक्टरच्या आत. कोकणातल्या खारभूमीची बांधबंदिस्तीखालची मोजणी यापेक्षा बरीच मोठी आहे. तरी एकूण चित्र बदलत नाही. राज्यातला मोठा प्रश्न समुद्राच्या मिठाचा नाही, चोपणाचा आहे.

क्षारयुक्त आणि चोपण यात फरक आहे, आणि सगळा मुद्दा इथेच येतो. क्षारयुक्त जमिनीत विरघळलेले क्षार जास्त असतात. मुळाला पाणी ओढता येत नाही, पण मातीचे कण मोकळे असतात. चोपण जमिनीत मातीच्या कणांना सोडियम चिकटलेला असतो, सामू साडेआठच्या वर जातो, माती पाण्यात विरघळल्यासारखी होते, वाळली की दगड. पुस्तकी व्याख्येत विनिमययोग्य सोडियम १५ टक्क्यांच्या वर गेला की जमीन चोपण. पण नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी पूर्णा खोऱ्यात दाखवून दिले, की आपल्या काळ्या चिकण मातीत याच्या कितीतरी खाली असतानाच पाण्याचा निचरा बिघडतो. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यातले शेतकरी हे पिढ्यानपिढ्या भोगत आहेत.

खाडीकाठचा जिवाणू मीठ सोसायला शिकलेला आहे, चोपणातला चढा सामू सोसायला नाही. चोपणाचा इलाज जिप्सम, निचरा, शेणखत आणि हिरवळीचे खत. जिवाणू त्यानंतर. जिवाणूच वापरायचा असेल तर लखनौच्या प्रादेशिक केंद्राने उत्तर प्रदेशातल्या चोपण जमिनींसाठी तयार केलेली हॅलो-ॲझो आणि हॅलो-पीएसबी ही संवर्धके किनाऱ्यावरच्या जिवाणूंपेक्षा आपल्या गरजेच्या जास्त जवळची आहेत.

कारंजा तालुका खारपाणपट्ट्यात येत नाही. सातपुड्याच्या पायथ्याकडची मुरमाड, हलकी आणि खाली मध्यम ते भारी काळी अशी आपली माती. सामू उदासीन ते थोडा विम्लधर्मी, मुक्त चुनखडी बऱ्याच ठिकाणी, विद्राव्य क्षार बहुधा मर्यादेत. अशा मातीत दोन प्रकारचे खारे जिवाणू दोन प्रकारे वागतात. काहींना जगायलाच मीठ लागते, ते आपल्या मातीत टिकत नाहीत. काही मीठ सोसतात पण मिठाशिवायही जगतात. ते टिकू शकतात, मात्र मिठाच्या जोरावर मिळणारी त्यांची आघाडी इथे उरत नाही. त्यांना आपल्या मातीतल्या, ग्रॅमला कोट्यवधींनी असलेल्या स्थानिक जिवाणूंशी बरोबरीने झुंजावे लागते.

हा हिशेब करून पाहा. द्रवरूप संवर्धक एक लिटर, प्रति मिली १० कोटी पेशी, म्हणजे एकूण १० हजार कोटी. एकरात वरच्या १५ सेंटिमीटर थरात सुमारे ९ लाख किलो माती. सगळीकडे सारखे पसरले तर ग्रॅमला शंभर-सव्वाशे पेशी. कोट्यवधींच्या गर्दीत शंभर. उलट तेच संवर्धक बीजप्रक्रियेला वापरले, १० किलो सोयाबीनला १०० मिली, तर एका बियाण्यावर लाखभर पेशी बसतात आणि मूळ फुटताना त्या जागेवर हजर असतात. म्हणून जिवाणू मुळाशीच द्यावेत, बियाण्याला, रोपाच्या मुळांना, किंवा फळझाडाला शेणखतात मिसळून पांढऱ्या मुळांच्या पट्ट्यात. एकरभर फवारणी करून जमिनीचे काही बदलत नाही.

याच हिशेबात साठवणूकही येते. मे महिन्यात टिनाच्या छपराखाली ठेवलेल्या बाटलीत संख्या दहा पटीने घटली, तर बियाण्यावर दहा-बारा हजारच पेशी पोहोचतात. बाटली किनाऱ्यावरची असो की विद्यापीठाची, उन्हात ती सारखीच मरते.

मग उपयोग कुठे

तीन ठिकाणी मला शक्यता दिसते, आणि तिन्ही सारख्या ताकदीच्या नाहीत.

पहिली जागा म्हणजे खोल बोअरच्या पाण्यावरच्या संत्रा बागा. संत्रा क्षारांना फार नाजूक. संपृक्त मातीच्या अर्काची विद्युत वाहकता १.७ च्या वर गेली की उत्पादन घटायला लागते. सोयाबीनला ही मर्यादा ५, कपाशीला ७.७ आहे. त्याच पाण्यावर धुऱ्यापलीकडची पऱ्हाटी डोलत असते आणि संत्र्याची पाने शेंड्याकडून करपतात, ते यामुळे. इथे एक सावधगिरी ठेवा. आपल्याकडच्या बऱ्याच प्रयोगशाळा वाहकता माती-पाणी १:२.५ च्या मिश्रणात मोजतात. तो आकडा संपृक्त अर्कापेक्षा खूप कमी येतो, त्यामुळे वरच्या मर्यादांशी थेट ताडून पाहू नये. अशा बागेत आधी पाण्याची तपासणी, ठिबकच्या नळीजवळ पांढरा थर येत असेल तर पावसाळ्यात आळ्यातून क्षार खाली धुऊन जाऊ देणे, आणि नवी लागवड असेल तर खुंटाचा विचार. रंगपूर लाईम खुंट जंबेरीपेक्षा क्षार जास्त सोसतो. हे सगळे करून झाल्यावर खार सोसणारा जिवाणू शेणखतातून देऊन पाहायला हरकत नाही. ते न करता बाटली ओतली तर पैसे पाण्यात.

दुसरी जागा पावसाचा खंड. मिठाचा ताण आणि कोरड्याचा ताण यांची सुरुवात सारखीच असते, मुळाला पाणी ओढता येत नाही. म्हणून इथिलीन आवरणारा, चिकट आवरण करणारा जिवाणू जुलै-ऑगस्टच्या उघडिपीत हलक्या जमिनीवरच्या सोयाबीनला काही दिवस तगवू शकेल, ही कल्पना शास्त्राला धरून आहे. माझ्या मते किनाऱ्यावरच्या संशोधनातून आपल्याला मिळण्यासारखी खरी गोष्ट हीच आहे. पण कुंडीतली रोपे आणि मुरमाड वावर यात अंतर आहे. आपल्या मातीत, आपल्या वाणावर, किमान दोन-तीन हंगामांच्या चाचण्या झाल्याशिवाय एकरी हजार-पाचशे रुपये त्यावर टाका, असे मी सांगणार नाही. सोयाबीनला ब्रेडीरायझोबियम आणि पीएसबीची बीजप्रक्रिया अजूनही अनेक जण करत नाहीत. ती स्वस्त आहे आणि शिफारशीत आहे. आधी ती.

तिसरी शक्यता शेतकऱ्यापेक्षा संशोधकांसाठी. खडतर जागा शोधायला समुद्रावरच जायला हवे असे नाही. लोणार सरोवराच्या पाण्याचा सामू १० च्या आसपास आहे. जून २०२० मध्ये ते गुलाबी झाले, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने कारण शोधले, वाढलेल्या खारटपणात फोफावलेले हॅलोआर्किया. पूर्णा खोऱ्यातल्या चोपण मातीत शतकानुशतके हरभरा, कपाशी उभी आहे. त्यांच्या मुळांवर कोण राहते, हा प्रश्न विदर्भाच्या शेतीसाठी खाडीच्या चिखलापेक्षा जास्त मोलाचा आहे. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या दारातच ही माती आहे.

विकत घेण्याआधी आणि नंतर

क्षेत्रीय कर्मचाऱ्यांनी गावबैठकीत बाटलीवर चर्चा करण्याआधी एक साधी चाचणी दाखवावी. काचेच्या ग्लासात पावसाचे किंवा डिस्टिल्ड पाणी घ्या, त्यात वाळलेल्या मातीचे बोराएवढे ढेकूळ हलकेच सोडा आणि न ढवळता ठेवून द्या. काही तासांनी ढेकूळ नुसते फुटून तळाशी बसले आणि पाणी स्वच्छ राहिले तर ठीक. ढेकळाभोवती दुधाळ ढग पसरला तर सोडियमचा संशय घ्या आणि नमुना सेलसुराच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा जवळच्या प्रयोगशाळेत सामू, वाहकता आणि विनिमययोग्य सोडियमसाठी द्या. विहिरीचे किंवा बोअरचे पाणीही सोबत द्यावे. ते उन्हाळ्याच्या शेवटी घेतलेले असावे, कारण क्षार तेव्हाच सर्वांत जास्त असतात.

दुकानदाराला विचारायचे प्रश्न मोजके आहेत. जिवाणूचे नाव काय, संख्या किती, उत्पादनाची व मुदतीची तारीख कोणती, कोणत्या परिशिष्टाखाली नोंद आहे, कोणत्या पिकासाठी. पक्के बिल घ्या, त्यावर बॅच क्रमांक लिहून घ्या. बिल नसेल तर तक्रार करायला काही हातात राहत नाही.

तरीही वापरून पाहायचे असेल तर पूर्ण वावरावर नको. सोयाबीनमध्ये आठ-आठ तासांचे सहा पट्टे घ्या, एक जिवाणूचा, एक बिनजिवाणूचा, असे आलटून-पालटून. बियाण्याला बुरशीनाशक आणि कीटकनाशक आधी, जिवाणू सर्वांत शेवटी, सावलीत, आणि त्याच दिवशी पेरणी. बिनजिवाणूच्या पट्ट्यांची पेरणी आधी उरका, नाहीतर पेटीत चिकटलेले संवर्धक त्यांच्यातही जाते. काढणीला प्रत्येक पट्ट्याचे वजन वेगळे करा. संत्र्यात एका ओळीतली झाडे एकाआड एक घ्या आणि फळांची संख्या दोन बहार मोजा. तिन्ही जोड्यांत जिवाणूचा पट्टा वर आला तरच पुढच्या वर्षी बाटली घ्यायचा विचार करा, आणि ते आकडे कृषी सहायकाकडे द्या, म्हणजे शेजारच्या गावालाही कळेल.